खानावळीची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या वर्धापनदिनाला बाहेरचे वक्ते न बोलावता सभासद भगिनींनीच आपापल्या कामाविषयी चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरवले, आणि चिटणीसबाईंनी माझे नाव यादीत घातले. मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. परंतु ज्या कामात माझी पंचवीस वर्षे गेली त्याविषयी बोलायचे म्हटल्यावर नाही म्हणणे बरे दिसले नसते. तेव्हा आमच्या खानावळीची हकीगत सांगते. त्यातून एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे, ती शेवटी सांगेन.

आपल्या मिरजेला बाहेरगावचा माणूस तीन कारणांनी येतो, असे आमच्या सासूबाई म्हणतात. गाणे, गाडी आणि औषध. गाण्यासाठी येणारे उरुसाला येतात, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपुढे गवई हजेरी लावतात, कोणी सतार-तंबोरे घ्यायला येतात. गाडी बदलणारे जंक्शनवर उतरतात आणि दुसऱ्या गाडीने जातात. ही माणसे दोन घास खातात आणि आनंदाने निघून जातात. औषधासाठी येणाऱ्याचे तसे नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ सुरू केले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, आणि पुढे तर गल्लोगल्ली दवाखाने झाले. बेळगाव, अथणी, विजापूर, जत, सांगोला, कोकण, कुठून कुठून माणसे येतात. रोगी खाटेवर असतो, पण त्याच्याबरोबर आलेली दोन माणसे पायरीवर असतात. त्यांना आठ दिवस लागतील की महिना, हे त्यांनाही ठाऊक नसते. आमची खानावळ मुख्यतः या पायरीवरच्या माणसांवर चालत आली आहे.

ती सुरू केली माझ्या आजेसासूबाईंनी. आजेसासरे रेल्वेत कामाला होते. ते अकाली गेले तेव्हा पदरात तीन लहान मुले होती. स्टेशनात काम करणारे चार एकटे पुरुष त्यांच्याकडे महिन्याने जेवू लागले. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्यातूनच महिन्याचे धान्य भरायचे, एवढेच भांडवल. चाराचे दहा झाले, दहाचे पंचवीस झाले, मग पडवीत फळ्या टाकून बाक केले. नाव नव्हते आणि पाटीही नव्हती. लोक "त्या मावशींकडे" म्हणून यायचे. पाटी लागली ती २०११ नंतर, अन्नसुरक्षेच्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली तेव्हा. अर्जात खानावळीचे नाव लिहायचे होते. ते नसल्यामुळे आमच्या घरात दोन दिवस खल चालला होता.

आजेसासूबाईंना मी पाहिलेले नाही. माझे लग्न १९९९ साली झाले, त्याच्या आधीच त्या गेल्या. परंतु त्यांचे दोन नियम आजही घरात आहेत. पहिला, ताटात जे वाढायचे ते घरच्या माणसांच्या ताटातही तेच. दुसरा, रोग्यासाठी कोणी पेज किंवा मऊ भात मागितला तर त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

हा दुसरा नियम कधी पडला ते सासूबाईंनी त्यांच्याकडूनच ऐकलेले आहे. १९६५ साली देशात धान्याची टंचाई होती. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा असे देशाला सांगितले, आणि सोमवारी रात्री ठिकठिकाणची हॉटेले बंद राहू लागली. आजेसासूबाईंनीही सोमवारी रात्रीची चूल बंद केली. तेव्हा एक म्हातारा हातात पितळेचा डबा घेऊन दारात उभा राहिला. मुलाचे पोटाचे ऑपरेशन झालेले, डॉक्टरांनी पातळ पेज द्या सांगितलेले. चूल पुन्हा पेटवली. म्हाताऱ्याने पैसे पुढे केले तर त्या म्हणाल्या, "आज खानावळ बंद आहे. बंद खानावळीत पैसे कसे घेऊ?" तेव्हापासून पेजेचे पैसे घ्यायचे नाहीत असे ठरून गेले.

१९७२ चा दुष्काळ सासूबाईंनी स्वतः पाहिला. त्या तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिच्या पिठाला विरी नसे, थापताना भाकरी काटवटीतच मोडायची. भाकरी मोडली की त्याच पिठाचे आंबील करून वाढायचे. मेंबरांपैकी कोणी कुरकुर केली नाही, असे त्या सांगतात. सगळ्यांच्याच घरी तेच चालले होते.

आता आमच्याकडे काय मिळते ते सांगते. नवीन काहीच मिळत नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची नाहीतर तुरीची आमटी, एक पालेभाजी किंवा भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, भात, ताक. मंगळवारी आणि शनिवारी पिठले. पाहुणा येणार असला की बायका ज्या जेवणाला "आज काही केलं नाही हो, साधंच आहे" म्हणतात ते हे जेवण. परंतु भगिनींनो, हे साधे जेवण करणे साधे नाही. भाकरीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणून दर तिसऱ्या दिवशी दळण. किलोभर पिठाच्या दहा भाकऱ्या होतात. टाळेबंदीच्या आधी आमच्याकडे दिवसाला सरासरी ११० ताटे होत असत. ताटाला दोन भाकऱ्या धरल्या तरी २२० भाकऱ्या, म्हणजे बावीस किलो पीठ, आणि ते सगळे हाताने मळायचे, हाताने थापायचे. आधी लाकडाच्या चुली होत्या, मग भुशाच्या शेगड्या आल्या, आता १९ किलोचा व्यापारी सिलिंडर आहे. पण थापणारा हात तोच आहे.

पेज आणि मऊ भात यांचे पातेले वेगळे. पेजेला तांदळाच्या कण्या, दहापट पाणी, मीठ, चवीला जिरे. मऊ भाताला जुना तांदूळ, एका वाटीला पाच वाट्या पाणी, आणि शिजल्यावर पळीने घोटायचा. वरून तूप आणि डॉक्टरांनी चालेल म्हटले तर मेतकूट. मेतकूट आम्ही घरी करतो. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, थोडे गहू, धने, जिरे, मेथीचे दाणे हे सगळे वेगवेगळे भाजायचे, मग सुंठ, हिंग, हळद घालून दळायचे. एकत्र भाजले तर जिरे करपते आणि डाळ कच्ची राहते.

रोग्याची प्रकृती आम्हाला डब्यावरून कळते. पहिले दोन दिवस नातेवाईक निवळ मागतात, म्हणजे पेजेवरचे पाणी. मग पेज मागतात. मग मऊ भात. मग "भाकरी दुधात कुस्करून चालेल म्हणालेत" असे सांगत येतात. आणि एक दिवस तो माणूस स्वतःच भिंतीला धरत धरत येतो आणि बाकावर बसतो. एकदा अथणीकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला होता. मराठी जेमतेम, आमचे कानडी त्याहून जेमतेम. बावीस दिवस तो दोन्ही वेळा आला. आम्ही त्याला "ऊट आयिता?" एवढेच विचारू शकायचो आणि तो मान हलवायचा. डबा पुढे करताना तो बोटांनी खूण करायचा, आज इतके पातळ, आज जरा घट्ट. तेविसाव्या दिवशी तो दोन ताटे मागून बसला. शेजारी ती होती. तिने अर्धी भाकरी खाल्ली. सासूबाई आतून येऊन फक्त बघून गेल्या.

सगळेच डबे असे रिकामे होऊन येत नाहीत. कधी भरलेला डबा तसाच परत येतो. तेव्हा आम्ही काही विचारत नाही. त्या माणसाला बसवून चहा देतो आणि डबा विसळून ठेवतो.

इथवर ऐकून आपल्याला वाटेल, किती पुण्याचे काम! लोकही तसेच म्हणतात. "तुमच्या घरात अन्नपूर्णा आहे" असे म्हणणारी गिऱ्हाइके आम्हाला पुष्कळ भेटली. ऐकून बरे वाटते. परंतु अन्नपूर्णा पहाटे साडेचारला उठते, दुपारी तीनला तिची पाठ टेकते, पाचला पुन्हा उभी राहते आणि रात्री साडेनऊला ओटा धुते, हे त्या वाक्यात येत नाही. आणि तिच्या हातावर महिन्याला किती पैसे पडतात, हे तर कुठेच येत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. बाक उलटे करून ठेवले. सरकारी रुग्णालयात करोनाचे रोगी आले, बाकीच्या दवाखान्यांतही माणसे अडकून पडली होती. आमच्या घरच्यांनी परवानगी काढली आणि आम्ही डबे बांधून द्यायला लागलो. परंतु ते जेमतेम तीस-चाळीस व्हायचे. दुपार रिकामी राहू लागली. लग्न होऊन वीस वर्षे झाली होती आणि दुपारी रिकामी बसलेली मी मला पहिल्यांदाच दिसले.

त्याच दिवसांत भाऊजींकडे एक निरोप आला. रस्त्यावरची जागा आमची स्वतःची आहे. ती एका व्यापाऱ्याला दुकानासाठी भाड्याने हवी होती आणि तो महिन्याला २५,००० रुपये द्यायला तयार होता. भाऊजी म्हणाले, "खानावळीतून सुटतात महिन्याला तीस हजार. त्यात पाच माणसं राबतात. पाच हजारांसाठी पाच माणसांनी जन्मभर चुलीपुढे का उभं राहायचं? आईच्या गुडघ्यांकडे बघा जरा." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या घरच्यांनाही ते पटत होते, पण तोंडाने होय निघत नव्हते.

मी म्हटले, मला गल्ल्याची वही दोन दिवस द्या. शाळेत मी सातवीपर्यंतच गेले, पण त्रैराशिक मला चांगले येत असे. मी मागच्या वर्षाचा एक साधारण दिवस काढला. ११० ताटे, ताट ६० रुपये, म्हणजे ६,६०० रुपये जमा. किराणा, भाजी, दूध मिळून ४,०००. सिलिंडर दोन दिवसांना एक, त्याचे दिवसाचे ६५०. भांडी घासणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या दोघी बायकांना प्रत्येकी ३०० प्रमाणे ६००. वीज, घरपट्टी, दुरुस्ती यांचे ३५०. एकूण ५,६०० खर्च. शिल्लक १,०००. महिन्याचे तीस हजार. भाऊजींचा हिशेब बरोबर होता.

परंतु त्या वहीत भांडी घासणारीची मजुरी होती, आणि भाकरी थापणारीची नव्हती. सासूबाई, जाऊबाई आणि मी, आमची नावे वहीत नव्हतीच. बाजार करणारे आमचे घरचे आणि वाढणारे भाऊजी यांचीही नव्हती. मात्र शिल्लक त्यांच्या हातात यायची आणि आम्हाला लागेल तसे मागावे लागायचे, एवढा फरक होता. मी पाचही जणांची मजुरी भांडी घासणाऱ्या बाईइतकीच, म्हणजे ३०० रुपये धरली. ती झाली १,५००. म्हणजे रोज १,००० रुपये सुटत नव्हते, रोज ५०० रुपयांची खोट होती. ही खोट कोणी भरली? आम्ही भरली, आमच्या मनगटांनी. याला पदरमोड म्हणतात. फक्त ज्याची मोड झाली ते पदरातले पैसे कधी मोजलेले नव्हते.

हे मी रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांपुढे वाचून दाखवले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, घरच्या बाईला कसला पगार? घर काय परकं आहे?" मी काही बोलण्याआधी जाऊबाई म्हणाल्या, "परकं नाही म्हणूनच विचारतोय. परक्याच्या घरी विचारलंच नसतं, काम सोडलं असतं." एरवी त्या मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत.

सासूबाईंना अक्षर येत नाही, आकडे मात्र येतात. त्यांनी वही मागून घेतली आणि बोट ठेवून विचारले, "यात मी कुठाय?" मी म्हटले, "आई, तुम्ही यात नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षं झाली की गं."

जागा भाड्याने द्यायची की नाही, हा प्रश्न त्या रात्री बदलला. आता प्रश्न असा झाला, की सगळ्यांची मजुरी धरून खानावळ चालते का? चालत असेल तर चालवू. नसेल तर भाऊजी म्हणतात तसे करू, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. सासूबाईंनीच हे असे स्पष्ट सांगितले.

ताटाची किंमत वाढवायची म्हटल्यावर सगळ्यांना भीती वाटली. आमचे गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्याने पिळून निघालेला माणूस. परंतु मी आणखी एक आकडा शोधून काढला होता. २६ जानेवारी २०२० पासून सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली होती. तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाइकाने १० रुपये द्यायचे, पण शहरातल्या केंद्राला एका थाळीचे ५० रुपये धरले होते, वरचे ४० सरकार भरत असे. म्हणजे एवढ्याशा ताटाला सरकारनेही ५० रुपये धरले. स्वस्त जेवणाचा उरलेला पैसा कोणीतरी भरावाच लागतो. तिथे तो सरकार भरत होते. आमच्याकडे आम्ही तिघी भरत होतो, आणि कोणाला ठाऊकही नव्हते.

५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या जागांवर बसवून जेवण द्यायला परवानगी मिळाली. आम्ही ताट ८० रुपये केले. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी अर्धे ताट काढले, दोन भाकऱ्या आणि आमटी किंवा पिठले, ४५ रुपयांत. सोमवारी रात्री चूल बंद ठेवायची ठरली. पेजेचे पैसे घ्यायचे नाहीत हा नियम राहिला, पण पेज वहीत लिहायची. ज्याचे पैसे घेत नाही तेही लिहायचे, हा माझा हट्ट होता.

त्याचा परिणाम सांगते. काही जुने मेंबर तुटले. एक जण तर म्हणाले, "तुम्हीपण आता हॉटेलवाल्यांसारखं करायला लागलात." मनाला लागले. पण मी त्यांना वही दाखवली. ते वाचून गेले, आणि पंधरा दिवसांनी परत आले. सगळेच परत आले नाहीत. घडी बसल्यावर, अर्धी ताटे पुऱ्यात धरून, ११० ची सरासरी ९५ वर आली. ९५ ताटांचे ७,६००. किराणा-भाजीचे ३,८००, गॅसचे ७५०, त्या दोघींची मजुरी वाढवून ७००, वीज वगैरे ४००. राहिले १,९५०. त्यातून आम्हा पाच जणांना प्रत्येकी ३५०, म्हणजे १,७५०. शिल्लक २००. त्या २०० मधून रोजची दहा-पंधरा रोग्यांची पेज आणि मऊ भात निघतो. महिन्याअखेर गल्ल्यात राहतात ते दीड-दोन हजार. कोणाला वाटेल, मग मिळवले काय? पूर्वी तीस हजार कोणाचेच नव्हते आणि सगळ्यांचे होते. आता पाच माणसांना महिन्याला मिळून ५२,५०० मिळतात आणि ज्याचे त्याच्या हातात पडतात. भाऊजींनीच तो आकडा काढला, आणि भाड्याचा विषय त्यांनीच संपवला. पुढे तेल आणि डाळ महाग झाली तसे ताटही वाढले, आज ते १०० रुपयांना आहे. आता दर वाढवताना भांडण होत नाही. वही उघडायची आणि बघायचे.

सासूबाईंनी सहासष्टाव्या वर्षी बँकेत स्वतःचे खाते काढले. पहिल्या महिन्याच्या पैशांतून त्यांनी चष्मा घेतला आणि गुडघ्याचे पट्टे घेतले. त्यासाठी त्या इतकी वर्षे "बघू पुढे" म्हणत होत्या. जाऊबाईंनी पोस्टात खाते उघडले आणि त्यातून मुलीची नर्सिंगची फी भरली. मी काय घेतले असे विचाराल तर, पीठ मळायचे यंत्र घेतले, कारण माझे मनगट दुखायला लागले होते. भाकरी अजून हातानेच थापतो.

हे काही आम्हीच नवीन शोधून काढले असे नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो बायका गिरणी कामगारांना महिन्याने जेवण घालत. गिरणीचा पगार झाला की पैसे मिळायचे, तोवर किराणा उधार आणि वर सावकाराचे व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याआधी, १५ मार्च १९५९ ला, गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. तिथे जी बाई पापड लाटते तिचे लाटलेले पापड तोलतात आणि त्याची मजुरी तिच्या नावावर लिहितात. पापड लाटणे आपल्याला सगळ्यांनाच येते. लिहिणे मात्र तिथे झाले, आपल्या घरी झाले नाही.

सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली होती, माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. त्यात घरच्या बिनपगारी कामात बाईचे रोजचे २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाचे ९७, असे निघाले. ते वर्तमानपत्रात वाचल्यावर मला बरे वाटले. कोणीतरी मोजायला तरी लागले.

आता जी गोष्ट आपल्यापुढे ठेवायची म्हटले होते ती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीतली माणसे इकडे आली, तेव्हा याच मंडळाच्या भगिनी आमच्या पडवीत बसून चपात्या लाटत होत्या. त्या वेळी कोणी पैशांचे नाव काढले नाही आणि काढूही नये. संकटात दिलेले दान ते दान. मी दानाच्या विरुद्ध बोलत नाही. आमच्या खानावळीत पेज फुकटच आहे आणि माझ्या हयातीत फुकटच राहील. परंतु दान कोणी केले हे दान करणारीला तरी ठाऊक हवे. जे मोजलेच नाही ते दिले असे म्हणता येत नाही, ते नुसते जाते.

आपल्यापैकी कितीतरी जणी दिवाळीचा फराळ करून देतात, कोणी डबे देतात, कोणी शिवणकाम करतात, कोणी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. भाव ठरवताना आपण डाळीचा धरतो, गुळाचा धरतो, गॅसचा धरतो, आणि आपल्या वेळापुढे शून्य लिहितो. मग गिऱ्हाईक म्हणते, "घरच्या घरी करता, मग महाग कसं?" आणि आपण ओशाळून दहा रुपये कमी करतो. माझी विनंती एवढीच आहे, की प्रत्येकीने एक दोन रुलांची वही घ्यावी आणि पहिल्या ओळीत स्वतःचे नाव आणि स्वतःचे तास लिहावेत. मग हवे तर पैसे घ्या, हवे तर सोडून द्या. पण आधी लिहा. मंडळाने दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हिशेब शिकवण्याचा तास ठेवावा असे मी कार्यकारिणीला सुचवते. शिकवायला कोणी मिळाले नाही तर मला त्रैराशिकापर्यंतचे येते, तेवढे मी शिकवीन. शनिवारी पिठले असते, तेव्हा दुपारी तीननंतर ठेवा.

जेवायचे आमंत्रण मी देत नाही, कारण मग तुम्ही पैसे द्याल आणि मला घ्यावे लागतील. पण सोमवारी रात्री आमची चूल बंद असते. त्या वेळी वही घेऊन कोणीही यावे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.